खुलासा: उसाचं इथेनॉल थेट जेटमध्ये जात नाही

मंडळी, लातूर-धाराशिवच्या ऊस ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'उद्योगपतींची खासगी जेट आता आपल्या इथेनॉलवर, धूर शून्य!' अर्धवट माहिती आहे ही. कारखान्याचं इथेनॉल विमानात तसंच भरत नाहीत; किलोमागे त्यात विमान इंधनाच्या जेमतेम ६२ टक्के ऊर्जा. त्यातला ऑक्सिजन काढून, रेणू जोडून आधी केरोसीनसारखं इंधन करावं लागतं. तेही आंतरराष्ट्रीय मानकांनुसार नेहमीच्या विमान इंधनात जास्तीत जास्त ५० टक्केच मिसळता येतं. आणि जळताना कार्बन डायऑक्साइड निघतोच! उसानं वाढताना हवेतून घेतलेल्या कार्बनमधून खत, डिझेल, कारखान्याचं उत्सर्जन वजा करा. उरेल तेवढीच बचत. (पाण्याचं तर मराठवाड्यात बोलायलाच नको.) व्यावसायिक विमान उद्योगानं स्वतः नेट झिरोसाठी (म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी) २०५० साल धरलंय. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.