ते चिंचेचं पाणी होतं!

काल रात्री साडेदहाला बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आमसूल आहे का रे घरात?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "काही नाही. घसा जरा खवखवतोय." माझीही जीभ तासाभरापासून चुरचुरत होती, पण मला वाटलं अळूवडीत तिखट जास्त पडलं असेल. बाबांनी आमसूल मागितलं आणि मला कळलं काय झालंय ते. तेव्हापासून या मोबाइलवरच्या रेसिपी व्हिडिओंवर माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही.

बाबा चिपळूणहून डोळे दाखवायला आलेत. दोन दिवस त्यांना बाहेरचं खायला लागलं. म्हटलं, रविवारी आपल्या हातचं काहीतरी करून घालू. अळूवडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शनिवारी कामावरून येताना मुद्दाम दादरला उतरलो. स्टेशनबाहेर बसलेल्या मावशींनी विचारलं, "वडीचं देऊ की फदफद्याचं?" अळूत असे दोन प्रकार असतात हे मला तिथे, फुटपाथवर, पावसात उभं राहून कळलं. मावशींनी काळ्या देठाची दोन जुड्या पानं दिली. ज्या व्हिडिओवरून मी हे करायला निघालो होतो, त्यात यातला एक शब्द नव्हता.

तो व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. मी तो अकरा वेळा पाहिला, अंगठ्याने थांबवून थांबवून. पान उलटं ठेवलं, लाटण्याने शिरा चेपल्या, पीठ लावलं, वर दुसरं पान, पुन्हा पीठ, गुंडाळी, वाफ, काप, तेल, ताट. पिठात काय पडतं ते झरझर दिसतं. बेसन, तिखट, हळद, धणेजिरेपूड, तीळ, मीठ. मग एका वाटीतून कसलंसं तपकिरी पाणी ओततात. अर्धा सेकंद. त्याचं नाव पडद्यावर येतं ते खाली उजव्या कोपऱ्यात, बरोबर जिथे बदामाचं आणि शेअरचं बटण असतं तिथे. मला फक्त 'गूळ' एवढंच वाचता आलं. पुढचा शब्द बटणाखाली. मी गुळाचं पाणी घातलं.

तो झाकलेला शब्द 'चिंच' होता.

अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेच घशाला टोचतात. म्हणून तर चिंच, आमसूल, ताक, काहीतरी आंबट घालायचं आणि पान पूर्ण शिजू द्यायचं. अळूच्या बाबतीत हीच दोन कामाची वाक्यं आहेत. बाकी गुंडाळी कशी करायची हे चुकलं तर वडी वेडीवाकडी होईल, कोणाचा घसा धरणार नाही. आणि नेमकी हीच दोन वाक्यं गायब! चिंच बटणाखाली आणि वाफेची वेळ कुठेच नाही. झाकण ठेवलं, झाकण काढलं, मध्ये पापणी लवावी एवढाच वेळ.

मी दहा मिनिटं उकडलं. माझ्याकडे मोदकपात्र नाही, कुकरची शिट्टी काढून आत चाळण ठेवली होती. रात्री अकराला आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "चिंच घातलीस ना?" दुसरा, "किती वेळ ठेवलंस?" दहा मिनिटं म्हटल्यावर ती दोन क्षण गप्पच झाली. मग म्हणाली, "अरे, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सुरी घालून बघायची. पीठ चिकटून आलं की अजून ठेवायचं." दोन प्रश्नांत तिने सगळं पकडलं, तेही चिपळूणहून, माझा कुकर न बघता.

बाबांनी तीन वड्या खाल्ल्या होत्या. तिसरी खाताना दोनदा पाणी प्यायले. "छान झाल्येत," म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून तो माणूस घसा धरूनसुद्धा खात राहिला, हे आठवलं की माझ्या पोटात अजून कालवतं. आणि ज्याने तो व्हिडिओ बनवला त्याला मी रात्रीच लिहिलं, की दादा, चिंचेचं नाव झाकलं जातंय, वेळही दिलेली नाही, लोकांना त्रास होईल. सकाळी उत्तर आलं. जोडलेल्या हातांचं एक चित्र. बस्स. ना एक शब्द, ना दुरुस्ती.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. दीड वर्ष मी भांडुपच्या या खोलीत चार फुटांच्या ओट्यावर स्वयंपाक शिकतोय आणि दीड वर्ष हेच चाललंय. कांदा! कांद्याचं कोणी बोलतच नाही. कढईत पांढराशुभ्र कांदा पडतो, चमचा एकदा फिरतो आणि पुढच्या क्षणाला तो खरपूस तांबूस. 'पाच मिनिटांत मसाला तयार.' कसला पाच मिनिटांत? तीन कांदे मंद आचेवर नीट तांबूस व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सुरुवातीचे कित्येक आठवडे मला वाटायचं माझा गॅसच कमी येतो. मी आच मोठी करायचो, कांदा कडेने करपायचा, आत कच्चा राहायचा, आणि रात्री नऊला लोकलमधून लोंबकळत आलेला माणूस ते कडू कालवण खाऊन झोपायचा. चूक माझी नव्हती. मला खोटी वेळ सांगितली होती.

आणि ते गाणं. फोडणी ऐकून कळते हो! मोहरी तडतडायची कधी थांबते, कढीपत्ता टाकल्यावर चर्र कसं होतं, पाणी आटलं की कढईतला आवाज कसा बदलतो, नवशिक्याला हेच तर शिकायचं असतं. वास व्हिडिओतून येत नाही, चव येत नाही. आवाज येऊ शकतो, तर त्यावर ढणाढणा गाणं लावून ठेवतात. मी कितीदा तरी तेल तापलंय की नाही हे न कळून मोहरी थंड तेलात टाकलीय आणि जिरं जाळलंय.

'चवीनुसार मीठ' हा शब्दप्रयोग तर मला नजरेसमोर नको. ज्याला अंदाज येतो तो तुमच्याकडे शिकायला येईल कशाला? भाताला पाणी 'दुप्पट', पण तांदूळ नवा की जुना, कोलम की बासमती, कुकर की पातेलं, काही नाही. आणि माप हवं असेल तर खाली 'रेसिपी' असं लिहा, मग आम्ही मेसेज करू. मी चार वेळा लिहिलंय. एकदा कसल्याशा कोर्सची जाहिरात आली, तीनदा काहीच नाही.

वेळ कमी पडतो हे कारण तर मला कोणी सांगूच नये. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबवर शॉर्ट्स. तेव्हा १५ सेकंद मिळायचे, मान्य. आज दोन्हीकडे ३ मिनिटं तरी मिळतात. तीन मिनिटांत 'मंद आचेवर पंचवीस मिनिटं' हे चार शब्द बसत नाहीत? शेजारच्या काकूंकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, पाठीची शिवण सुटलेली, पानांवर हळदीचे डाग. ते १९७० साली आलं. त्यात काही हलत नाही, चकाकत नाही, पण किती वाट्या आणि किती चमचे ते छापलेलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी जे कागदावर लिहिता येत होतं ते आता मोबाइलवर लिहायला काय अडचण आहे?

मला तुमची चकचकीत भांडी नकोत, वरून घेतलेला ताटाचा फोटो नको. मला झाकण ठेवल्यावर काय करायचं ते सांगा. आच किती, मिनिटं किती, शिजलं हे कसं ओळखायचं आणि फसलं तर काय करायचं. तुम्ही कापून टाकता तेवढाच भाग मला हवा असतो. आम्ही विश्वासाने घरच्या माणसांना खायला घालतो. कोणाकडे म्हातारे आहेत, कोणाकडे लहान पोरं.

आईने आज सकाळी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय. मागे पंख्याची घरघर आहे, मध्येच ती दुधवाल्याशी बोलते, पण लिंबाएवढी चिंच, कोमट पाण्यात किती वेळ, पीठ किती सैल, सगळं सांगितलंय. बाबा गुरुवारपर्यंत आहेत. आज सुटल्यावर पुन्हा दादरला उतरतोय.

आणि आत्ता, कांजूरमार्ग गेल्यावर मोबाइल उघडला तर तोच अळूवडीचा व्हिडिओ पुन्हा समोर. काल रात्री नव्याने टाकलाय, दुसरं गाणं लावून. चिंच अजून त्या बटणाखालीच आहे.