लॉगिन स्क्रीनवरची रांगोळी बंद करा आता

कुणी सांगितलंय यांना, सर्व्हरवर लॉगिन केल्या केल्या कंपनीचं नाव अर्धा स्क्रीन भरून दाखवायला? फिगलेट नावाच्या प्रोग्रामने मोठ्ठी अक्षरं काढायची, मग ती लोलकॅट नावाच्या दुसऱ्या प्रोग्राममधून रंगीबेरंगी करायची, खाली परत काउसे या तिसऱ्याची अक्षरांतून काढलेली गाय. स्वतःच्या लॅपटॉपवर काय वाट्टेल ते करा ना, फिगलेट मलाही आवडतं, १९९१ पासूनचं आहे आणि मस्त आहे, पण प्रॉडक्शन मशीनवर, म्हणजे खरं काम चालतं त्या सर्व्हरवर कशाला??

रात्री बॅकअप फेल. एसएफटीपीचा, म्हणजे फाइली पाठवायच्या प्रोग्रामचा एरर काय, तर ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग ५३८९७६२८८’. नेटवर्क बघितलं, डिस्क बघितली, फायरवॉलवाल्याला झोपेतून उठवलं. आणि तो आकडा म्हणजे काय होता माहितीये? चार स्पेस! स्पेसचा कोड हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) २०, असे चार बाइट एकापुढे एक ठेवले की बरोब्बर हाच आकडा येतो. एसएफटीपी पहिले चार बाइट मेसेजची लांबी म्हणून वाचतं आणि तिथे नेमकी कुणाच्या तरी फिगलेटची पहिली ओळ घुसलेली, जी स्पेसनेच सुरू होत होती.

बॅनर टाकलेलं कुठे, तर बॅशआरसीत, म्हणजे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना, फाइल ट्रान्सफरलाही, आपोआप चालणाऱ्या फाइलीत. उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच चेक दिलेला असतो की शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर कुणी टाइप करत नसेल, तर इथूनच मागे फिर, पण या माणसाने त्या चेकच्याही वर नेऊन पेस्ट केलंय. वाचायचे तरी कष्ट घ्या रे! फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकचीही तीच बोंब, ते तर सरळ विचारतं की तुमचं शेल क्लीन आहे का, म्हणजे मध्येच भलतं काही छापत नाही ना.

आणि लोलकॅटसाठी सर्व्हरवर रूबी ही अख्खी प्रोग्रामिंग लँग्वेज टाकलंय. मशीन लोडने मेलेलं असताना कमांड टाइप करायचा प्रॉम्प्ट यायच्या आधी मी रूबी सुरू व्हायची वाट बघत बसायचं. मोबाइलवरून लॉगिन केलं तर ८० कॉलमची ती अक्षरं तुटून नुसता कचरा दिसतो आणि डिस्क किती भरली, रीस्टार्ट पेंडिंग आहे का, या कामाच्या ओळी वर निघून जातात.

एमओटीडी (मेसेज ऑफ द डे) फाइल आहे ना त्यासाठी! ती टर्मिनलवर लॉगिन करणाऱ्यालाच दिसते, फाइल ट्रान्सफरच्या मध्ये तडमडत नाही. त्यात होस्टनेम आणि ‘हे प्रॉडक्शन आहे’ एवढंच लिहा, साध्या अक्षरात. उद्या सगळ्या मशीनवरून हे काढतोय मी, आणि परत कुणी टाकलं तर त्याचा सूडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) काढून घेणार, आत्ताच सांगून ठेवतो.