चॅनल तिचं, पोट माझं

प्रथम पुरुष म्हणजे मी, द्वितीय पुरुष म्हणजे तू आणि तृतीय पुरुष म्हणजे ज्याच्याबद्दल आपण त्याच्या पाठीमागे बोलतो तो. एवढ्या व्याकरणावर माझं आजवर नीट भागलं होतं. पण यंदा बांद्र्याच्या जत्रेच्या आदल्या रात्री भाचीचा फोन आला. "मामा, मला पीओव्ही काढायचेत. म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की पाळण्यात तोच बसलाय."

"मग तू बस की पाळण्यात."

"मला गरगरतं रे."

म्हणजे चॅनल तिचं, पोट माझं.

मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. तो गणपतीचा आणि पावसाचा हंगाम. स्टेशनबाहेर जत्रेच्या जादा बससाठी रांग, बसमध्ये सगळ्यांच्या छत्र्या एकमेकांच्या बुटांत गळतायत, आणि त्या गर्दीत माझ्या शर्टावरून भाचीने आवळलेले छातीचे पट्टे. त्या पट्ट्यांवर मधोमध मोबाईल, कॅमेरा बाहेर बघतोय. कंडक्टरने एकदा माझ्याकडे, एकदा मोबाईलकडे बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "हार्टचं आहे का काका?" उभं राहून प्रवास करणाऱ्याला या शहरात कुणीतरी स्वतःहून सीट दिली, ती त्या दिवशी.

टेकडीवर आधी दर्शन घेतलं. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं. हात दुखतोय त्याने मेणाचा हात वाहायचा, पाय दुखतोय त्याने पाय, घर हवंय त्याने घर. मुंबईत घर हे दुखण्यांतच मोडतं म्हणा. मी नुसती मेणबत्ती घेतली. मला तेव्हा काहीच दुखत नव्हतं.

ब्रेक डान्स नावाच्या पाळण्याबद्दल फार सांगत नाही. खालचं ताट एका दिशेने फिरतं, वरच्या वाट्या आपापल्या मर्जीने फिरतात आणि आपण वाटीतल्या आमटीसारखे काठाला लागतो. उतरल्यावर कळलं की चित्रीकरण फुकट गेलंय, कारण दिव्यांचे काळे पट्टे आलेत. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. भाचीने शटर १/५० वर आणलं, म्हणजे एकेक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, बरोबर दोन लुकलुकींएवढ्या वेळात टिपायचं. "आता येईल बघ नीट." मग पुन्हा आमटी.

कोलंबसची गोष्ट वेगळी. या होडीत मधे बसणारे शहाणे असतात, कारण मधल्या सीटला झोका कमी. टोकाची सीट सगळ्यात वर जाते आणि वर गेल्यावर क्षणभर थबकते. त्या क्षणी शरीर खाली यायला निघतं आणि पोट म्हणतं, तुम्ही व्हा पुढे, मी येतोच. भाचीला अर्थातच टोकाची सीट हवी होती. शिवाय एक सूचना: "हात दिसू देत हं मामा. हात दिसले की खरं वाटतं." माझे हात समोरच्या दांड्यावर होते. हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला, एका नटाच्या जागी तार पिळलेली. सबंध फेरीभर मी ती तारच बघत होतो. तिला किती पीळ आहेत विचाराल तर आजही सांगेन. सात.

खाली उतरून एका खांबाला धरून उभा राहिलो. भाचीने व्हिडिओ बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"मामा, हे फारच स्मूथ आलंय. भीतीच वाटत नाहीये."

झालं असं होतं की मोबाईलमध्ये स्टॅबिलायझेशन नावाची सोय असते. हात थरथरला, छाती धडधडली, तर कडेची थोडी चौकट कापून तो चित्र स्थिर करतो. माझी छाती जेवढी म्हणून धडधडली होती, तेवढी त्या यंत्राने इमानदारीने पुसून टाकली होती. मी जिवावर उदार होऊन काढलेला तो झोका पडद्यावर सोसायटीच्या लिफ्टसारखा दिसत होता. भाचीने सेटिंग बंद केलं. मी परत त्याच टोकाला, त्याच तारेसमोर.

शेवटी आकाशपाळणा. पाळणेवाल्याने पट्ट्यांकडे बघून आधीच हात वर केले, "अंकल, मोबाईल गिरा तो अपनी जिम्मेदारी नहीं." अंकल गिरा तर कुणाची, हे विचारायचं राहिलं. पाळणा भरताना वजन समोरासमोर तोलावं लागतं, इकडची पेटी भरली की अर्धा फेरा देऊन तिकडची. पहिल्या पेटीत बसायची चूक मी केली. त्यामुळे बाकीचे लोक सावकाश तिकिटं काढत असताना मी थेट माथ्यावर. खाली जत्रा, पलीकडे समुद्र, लांबवर सी-लिंकचे दिवे आणि वारा. पेटीच्या दाराची कडी सुतळीने बांधलेली.

समोर एक सहा-सात वर्षांची मुलगी बापाशेजारी चणे खात होती.

"काका, डोळे उघडा ना. नाहीतर दिसणार कसं?"

"माझ्या छातीवरचा उघडा आहे बाळा."

ती चणा चावत विचारात पडली. तेवढ्यात पेटी एकदा मागेपुढे झाली, आणि त्यानंतर मी जे काही बोललो ते मला आठवत नाही. माईक मात्र हनुवटीच्या खाली चार बोटांवर होता.

रात्री ताईकडे सगळे व्हिडिओ बघायला जमले. सी-लिंक झकास आला होता. त्यावर माझा आवाज, रडवेला पण सुस्पष्ट: "मोत माउली, एकदा खाली उतरव गं, मेणाचं पोट वाहीन!" आणि मागून ती मुलगी, "बाबा, हे काका रडतायत."

भाचीने तेवढाच तुकडा बाराएक वेळा लावला. ही हसून हसून सोफ्यावरून खाली. ताई मात्र हसली नाही. "बोललास ना? मग फेड. माउलीशी थट्टा नको."

म्हणून शनिवारी परत तीच रांग, तीच बस, तोच चढ. दुकानातल्या मावशी मेणाचे हात-पाय मांडत होत्या. म्हटलं, "मावशी, पोट आहे का?"

त्यांनी टोपल्यात हात घालून चाचपलं.

"पोटं संपली हो. पाळणे लागले की उरत नाहीत." मग मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "आख्खा माणूस देऊ का?"