उपाशी या, गप्प बसा

माझं काम थोडक्यात सांगायचं तर मी लोकांना उपाशीपोटी बोलावतो, एक सुई टोचतो आणि तासभर गप्प बसवतो. पुढचं यंत्र बघून घेतं. यात अवघड काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सांगलीच्या माणसाला तासभर गप्प बसवून दाखवावं.

माझ्या शाखेचं नाव न्यूक्लिअर मेडिसिन. मराठीत अणुवैद्यक म्हणता येतं, पण तसं म्हटलं की ऐकणारा अर्धं पाऊल मागे सरकतो. लग्नकार्यात सासरेबुवा माझी ओळख 'जावईबापू, अणूचे डॉक्टर' अशी करून देतात. एका काकांनी काळजीने विचारलं होतं, "म्हणजे पुढंमागं जैतापूरला बदली?" सर्जन मित्रांना माझी शाखा 'अनक्लिअर मेडिसिन' वाटते. हा विनोद मी दर महिन्याला ऐकतो आणि दर महिन्याला हसतो, कारण पेशंट तेच पाठवतात. आमचं हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं असल्यामुळे एमबीबीएसची मुलंही अधूनमधून येतात. मे महिन्यात जरा जास्तच येतात. यंत्राला एसी लागतो ना.

खरं तर या शाखेचा जन्मच खाण्यावरच्या संशयातून झाला. जॉर्ज द हेवेशी नावाचा हंगेरियन तरुण १९११ साली मँचेस्टरला अणुशास्त्रज्ञ रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करायचा आणि खाणावळीत जेवायचा. खाणावळवाली बाई कालचं उरलेलं मटण आज नव्या नावाने वाढते, असा त्याला दाट संशय. बाई ताकास तूर लावू देईना. मग याने एकदा ताटात उरलेल्या मटणात गुपचूप किरणोत्सर्गी पदार्थ मिसळला आणि दोन-तीन दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ आपलं उपकरण धरलं. उपकरणाने बाईला तोंडावर पाडलं. पुढे हेवेशीला १९४३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मटणासाठी नव्हतं, पण ज्या युक्तीसाठी मिळालं तिचं बीज त्याच ताटात होतं: पदार्थाला अणूची खूण करायची आणि तो कुठे कुठे जातो ते बघायचं. चुगलीच ही. आम्ही फक्त ती रीतसर, फी घेऊन करतो.

आमच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे कर्करोग शोधायच्या चित्रतपासणीत, खूण केलेला पदार्थ म्हणजे साखर. साखरेसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ चा अणू जोडलेला असतो, आणि सगळे त्याला एफडीजी म्हणतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशींना साखरेचा हव्यास असतो. त्या ती ओढून घेतात आणि चित्रात दिव्यासारख्या चमकतात. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य मात्र ११० मिनिटं. म्हणजे औषध बाटलीत नुसतं ठेवलं तरी पावणेदोन-दोन तासांत निम्मं उरतं. आणि ते येतं बाहेरून, रस्त्याने. वाटेत खंबाटकीचा घाट.

घाटात ट्रक बंद पडला की इकडे माझं औषध म्हातारं व्हायला लागतं. तीन तास चाळीस मिनिटांच्या प्रवासात शंभराचे पंचवीस होतात. त्यात घाटात तासभर गेला की पंचविसाचे सतरा. चौघांसाठी मागवलेलं औषध जेमतेम तिघांपुरतं पोचतं आणि चौथ्याला सांगायला मला पुढे जावं लागतं. "आबा, औषध घाटात संपलं," असं सांगितल्यावर आबांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ड्रायव्हरने ढाब्यावर पिऊन टाकलं, असं त्यांना स्पष्ट वाटत असतं. मी मनाची समजूत घालतो की १९७६च्या ऑगस्टमध्ये हे औषध माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं, तेव्हाही ते ब्रूकहेवनला बनवून फिलाडेल्फियाला परगावीच न्यावं लागलं होतं. फक्त ते विमानाने गेलं. मध्ये खंबाटकी नव्हती.

पण घाट परवडला. खरा घाट पुढेच असतो.

आदल्या दिवशी सिस्टर प्रत्येक पेशंटला फोन करून सांगतात, "उद्या सकाळी उपाशी यायचं. सहा तास काही खायचं नाही. साधं पाणी चालेल." याहून सोपं मराठी मला तरी येत नाही. एका सकाळी तासगावकडचे एक आबा आले. धोतर, फेटा, हातात पिशवी, पिशवीत बेदाणे. (बेदाणे माझ्यासाठी होते. मी घेतले नाहीत, म्हणजे त्या दिवशी घेतले नाहीत.)

"आबा, उपाशी आहात ना?"

"व्हय तर. आज संकष्टी हाय की."

आमच्या नव्या रेसिडेंटने समाधानाने फॉर्मवर 'उपाशी' लिहिलं. पोरगी हुशार, पण वाढलेली परराज्यात. रक्तातली साखर तपासली, ती हद्दीत होती. औषध टोचलं, तासभर बसवलं, यंत्रात घातलं. चित्र पडद्यावर आलं आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. पडद्यावर आबा नव्हते, हिंदकेसरी होता. दंड उजळलेले, छाती उजळलेली, मांड्या उजळलेल्या, पाठीचे पट्टे उजळलेले. आम्हाला हवी ती गाठ या दिवाळीत कुठे शोधायची?

असं होण्याचं नेहमीचं कारण एकच. पोटात अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, ते सगळ्या स्नायूंची दारं उघडतं आणि आमची खुणेची साखर गाठीकडे जायच्या ऐवजी तिथेच घुसते. मी बाहेर येऊन आबांच्या शेजारी, म्हणजे किरणोत्सर्गाच्या हिशेबाने दोन मीटर शेजारी, उभा राहिलो.

"आबा, सकाळी काही खाल्लंत?"

"न्हाय."

"काहीच नाही?"

"न्हाय म्हन्तोय की."

"बरं. खिचडी?"

आबांनी माझ्याकडे, शिकून वाया गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "खिचडी म्हंजी खानं व्हय ओ डॉक्टर? उपासाची हाय ती. सूनबाईनं यकच ताटली दिली. वर वाईच दही."

आता यात आबांची चूक ती काय? सिस्टरने सांगितलं उपाशी या, आबा उपासाचे आले. चंद्र बघेपर्यंत त्यांचा उपास मोडणार नव्हता. मोडला तो माझा स्कॅन. दोन दिवसांनी पुन्हा औषध मागवलं, पुन्हा खंबाटकी, पुन्हा सगळं.

तेव्हापासून आमच्या सूचनापत्रात एक नवा परिच्छेद आहे. तो मी स्वतः लिहिला असून माझ्या आजवरच्या शोधनिबंधांपेक्षा तो जास्त लोकांनी वाचला आहे. 'साबुदाणा, वरीचे तांदूळ, रताळं, केळं, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की, दूध, चहा, कॉफी, ताक आणि प्रसाद हे सर्व खाणेच समजावे.' प्रसादावरून बरीच चर्चा झाली. एका ताईंनी विचारलं की गणपतीच्या देवळातला असला तरी का? मी म्हटलं, असला तरी. त्यानंतर आठवडाभर मला जरा भीतीच वाटत होती, कारण माझीही चतुर्थी तिथेच असते. एवढी यादी करून दुसऱ्याच आठवड्यात एक तरुण भडंग खाऊन आला. "यादीत नव्हतं सर," तो म्हणाला. खरंच नव्हतं. सांगलीत राहून भडंग विसरलो, ही चूक माझी.

उपाशी आला तरी अजून तो तास असतो. औषध टोचल्यावर पेशंटने आरामखुर्चीत साठ मिनिटं स्वस्थ पडून राहायचं. चालायचं नाही, कारण चाललं की पायाचे स्नायू साखर खातात. चघळायचं नाही, कारण जबडा खातो. एका मामांनी गालात सुपारी ठेवली होती आणि चित्रात त्यांच्या दोन्ही कानांखाली दोन कंदील लागले होते. थंडी वाजू द्यायची नाही, कारण कुडकुडलं की मानेपाशी एक प्रकारची चरबी पेटून उठते. म्हणून आम्ही प्रत्येकाला जाड ब्लँकेट देतो. (हे ब्लँकेट लक्षात ठेवा.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं नाही. बोललं की स्वरयंत्र उजळतं आणि रिपोर्ट लिहिणारा घोटाळ्यात पडतो.

सांगली-मिरजेकडे दोन अनोळखी माणसं एका खोलीत आली की अर्ध्या मिनिटात 'कुठलं गाव?' होतं. आमच्या खोलीत दोन खुर्च्यांच्या मध्ये शिशाचा पडदा आहे. शिसं गॅमा किरण अडवतं, गप्पा अडवत नाही. एकदा पडद्याच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या बाईंनी चाळीस मिनिटांत नातं काढलं, ते जवळचं निघालं, आणि जाताना एकीच्या भाच्याची पत्रिका दुसरीच्या पुतणीसाठी फोनवर गेली. दोघींची स्वरयंत्रं नंदादीपासारखी उजळली होती.

बरं, मी आत जाऊन शाळामास्तरासारखा उभा राहू शकत नाही. टोचलेला पेशंट स्वतःच किरण सोडत असतो. आम्ही काम असेल तेवढंच जवळ जातो आणि छातीवर मोजणीचा बिल्ला लावतो. दर तिमाहीला तो तपासायला जातो आणि मला किती मात्रा मिळाली ते कळतं. घरात त्या बिल्ल्याला 'यांचं मंगळसूत्र' म्हणतात. तर मी बाहेर, कॅमेऱ्यासमोर. ओठ हलताना दिसले की माईकवरून सांगतो, "काका, बोलू नका."

आतून लगेच मोठ्याने उत्तर येतं, "न्हाय बोलत ओ डॉक्टर! तुमी चिंता करू नगा! माझा तसला सभावच न्हाय!"

आता त्या आजींबद्दल. मिरजेच्या. औषधोपचार संपले होते, आजार गेला की नाही ते बघायचं होतं. उपाशी आल्या, म्हणजे माझ्या अर्थाने उपाशी. सूचनापत्र घडी घालून बटव्यात. खुर्चीत बसल्या, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटले. मी कॅमेऱ्यातून साठ मिनिटं बघत होतो. ओठ हलले नाहीत. मान हलली नाही. शेजारच्या खुर्चीवरून 'कुठलं गाव आजी?' आलं, आजींनी डोळाही उघडला नाही. मी रेसिडेंटांना बोलावून दाखवलं. म्हटलं, नीट बघून ठेवा, परीक्षेत विचारणार आहे.

चित्र आलं. स्वरयंत्र काळंभोर. जबडा शांत. पाय शांत. आणि चमकायला नको होतं ते कुठेच चमकत नव्हतं. फक्त डोक्याशेजारी वर घेतलेल्या हातांमध्ये, उजव्या मनगटाच्या खालचे स्नायू लखलखत होते. रेसिडेंटने तीन शक्यता सांगितल्या, तिन्ही पुस्तकातल्या. मी उठून बाहेर गेलो.

"आजी, तासभर हाताने काही करत होतात?"

"नाही हो."

"काहीच नाही?"

"बोलले का मी? तुम्ही म्हणालात बोलू नका, नाही बोलले. चालले का? नाही." मग जरा थांबून, "लक्षवातीचा संकल्प आहे माझा. नुसतं बसायचं म्हणजे वेळ वाया. म्हणून आपलं पांघरुणाच्या आत..." त्यांनी बटवा उघडला. वरती सूचनापत्र, खाली कापूस, आणि त्याखाली वळलेल्या फुलवाती, एकीसारखी एक. सूचनापत्रात वातींचा उल्लेख नव्हता.

त्यांनी त्यातल्या मूठभर काढून माझ्यापुढे धरल्या. "देवापुढे लावा."

आमच्या भागातून बाहेर जाणारी वस्तू मीटरखालून जाते, तसा नियमच आहे, आणि विद्यार्थी बघत असताना नियम मोडता येत नाही. टेक्निशियनने गंभीर चेहऱ्याने वातींवरून मीटर फिरवला, काटा होता तिथेच राहिला. मग त्याने रजिस्टर उघडलं आणि नोंद केली: 'वस्तू: फुलवाती, २१ नग. किरणोत्सर्ग: आढळला नाही. स्वीकारणार: विभागप्रमुख.' मी सही केली.