पण ती पडली

समोरच्याने फोन उचलेपर्यंत थांबायची आत्याला सवय नाही. रिंग वाजू लागली की तिचं बोलणं सुरू. त्यामुळे परवा मी फोन कानाला लावेपर्यंत निम्मं वाक्य होऊन गेलं होतं आणि माझ्या वाट्याला आलं ते एवढंच : "...पणती पडली रे!"

आत्याची पणती आठ महिन्यांची. पोटात गोळाच आला.

"लागलं का?"

"नीट लागतच नव्हती. म्हणून तर पडली."

"अगं, पण आहे कुठे?"

"कॉटखाली गेलीय. मला वाकवत नाही. येताना टॉर्च आण."

धापा टाकत पोचलो तर पणती तिच्या घरी, सुखरूप. आत्याने श्रवणयंत्रात नवी बॅटरी घातली होती, 'पण ती' पडली.

चूक माझ्या कानाची नाही, असं माझं ठाम मत आहे. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना कोण सोडतो? 'पणती' म्हणून बघा. 'त'च्या आधी जीभ दातांना टेकते, हवा अडते, क्षणभर शांतता. शब्द एक असो वा दोन, शांतता तेवढीच! शब्द कुठे तोडायचा हे मेंदूने मागच्यापुढच्या संदर्भावरून ठरवायचं. आणि मागचा संदर्भ रिंगमध्ये वाहून गेलेला.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. 1996 साली सॅफरन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्राच्या आवाजात 'बिडाकूपाडोटीगोलाबू' अशी अखंड बडबड ऐकवली. त्यात तीन-तीन अक्षरांचे चारच बनावट शब्द, उलटसुलट क्रमाने. मध्ये श्वास नाही, हेल नाही. 'बि'नंतर दर वेळी 'डा' येतो, 'कू'नंतर मात्र काहीही येऊ शकतं. म्हणजे शब्द तिथे संपत असणार. एवढ्या धाग्यावरून बाळांनी शब्द वेगळे ओळखले. किती वेळात? दोन मिनिटांत! माझं वय सांगत नाही.

असो. टॉर्च दातांत धरून मी कॉटखाली शिरलो. चण्याच्या डाळीएवढी ती बॅटरी भिंतीच्या कडेला चमकली. टॉर्च हातात घेऊन मी आनंदाने ओरडलो, "सापडली!"

मेंदू म्हणे शब्द संपायची वाट बघत नाही, पहिल्या अक्षरांपासूनच अंदाज बांधू लागतो. आत्याचाही तसाच निघाला. वर कॉट करकरली, तिचे खाली सोडलेले दोन्ही पाय दिसेनासे झाले आणि आवाज आला,

"साप? अरे, मग तू आधी बाहेर ये!"