दुकानातला वास आणि दुकानदाराचं नाक

दुकानात सुगंधाचं मशीन बसवून महिन्याभरात त्याचा बट्ट्याबोळ होतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, मालकाच्या नाकाचा असतो.

एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो वास ताजा असतो, पण सकाळपासून गल्ल्यावर बसलेल्याला काहीच येत नाही. मग "अरे, हे बंद पडलंय का?" म्हणत तो टायमर वाढवतो. संध्याकाळी अत्तराची बाटली फुटल्यासारखा घमघमाट सुटतो आणि गिऱ्हाईक दोन साड्या बघून बाहेर पडतं. म्हणून सेटिंग करायचं ते आधी दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत उभं राहून, मग आत शिरून. दोन-तीन पावलांवर काहीतरी छान वाटलं, पण नेमकं काय ते सांगता आलं नाही, तर बरोबर जमलं. कुणी "कसला वास येतोय हो?" विचारलं की समजा, जास्त झालं.

चांगल्या मशीनमध्ये हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसर, सुगंधी तेलाची बाटली आणि बारीक नोजल, एवढंच असतं. हवेच्या झोतानं तेल वर ओढलं जातं आणि त्याचं धुकं होतं. पाणी नाही, उष्णता नाही. १५ सेकंद चालू आणि ३ मिनिटं बंद, इथून सुरुवात करा. कमी पडलं तर बंदचा वेळ थोडा थोडा घटवा. दुकान उघडायच्या अर्धा तास आधी चालू करा. सेंट्रल एसी असेल तर जोडणी फिल्टर आणि कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या) ओलांडल्यावर, हवा दुकानात नेणाऱ्या डक्टला हवी. परतीच्या हवेच्या बाजूला जोडलं तर तेल फिल्टर-कॉइलवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि महागड्या चंदनाच्या जोडीला कुबट वास फुकट मिळतो. व्हॅनिला जास्त असलेल्या तेलात स्फटिक धरतात आणि नोजल तुंबतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवावं लागतं. जुन्या बाटलीत नवं तेल ओतू नका. आणि फवाऱ्याच्या तोंडासमोर रेशीम टांगू नका, डाग पडतात. (हे सांगावं लागतं!)

आता वास कुठला? इथे विकणारे सर्वात जास्त थापा मारतात. 'खास तुमच्या ब्रँडसाठी' म्हणून सात-आठ वासांचं मिश्रण गळ्यात मारतात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या एका दुकानात झालेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या संत्र्याच्या वासाची तुलना संत्रं, तुळशीच्या जातीचं बेझिल आणि ग्रीन टी यांच्या मिश्रणाशी केली होती. साध्या संत्र्याच्या वासात लोकांनी साधारण २० टक्के जास्त खर्च केला. मिश्रणाचा काही उपयोग झाला नाही. संशोधकांचं म्हणणं असं की साधा वास मेंदूला सहज उलगडतो, मिश्रण उलगडण्यात त्याची शक्ती जाते.

विक्रेत्यांचा दुसरा लाडका आकडा लास वेगासचा. तिथल्या कॅसिनोत एका वासामुळे स्लॉट मशीनमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रात, ४५ टक्के जास्त पैसे पडले, असा निबंध १९९५ चा आहे. त्याच प्रयोगातल्या दुसऱ्या वासानं काहीच फरक पडला नव्हता, हे मात्र ब्रोशरमध्ये नसतं.

वासांची भांडणंही होतात. २००८ मध्ये स्टारबक्सनं गरम सँडविच बंद करायचं ठरवलं, कारण जळक्या चीजच्या वासात कॉफीचा वास बुडत होता. पुढे कृती बदलून ती परत आणली.

आपल्याकडे पावभाजीवाला हे सगळं मशीनशिवाय करतो. तवा मुद्दाम रस्त्याच्या तोंडाशी, बटरचा गोळा कडेला सोडलेला, तो फसफसला की वरून मसाला, आणि उलथन्याची खडखड. मला यात लबाडी वाटत नाही; वास ज्याचा, तीच वस्तू समोर शिजतेय. पण पाव बाहेरून आणून दुकानात बाटलीतला 'ताज्या ब्रेडचा' वास सोडणं ही सरळ फसवणूक आहे.

आणि काउंटरवरच्या मुलीचं काय? गिऱ्हाईक वीस मिनिटं थांबतं, ती दहा तास उभी असते. तिला वास येईनासा झाला तरी तेल फुफ्फुसात जातच असतं. अर्धशिशी किंवा दमा असेल तर त्रास तिला, टायमर मालकाच्या हातात. डिसेंबर २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसथांब्यांवर दुधाच्या जाहिरातीसाठी कुकीजचा वास लावला होता; ॲलर्जीच्या तक्रारी आल्या आणि तो लगेच काढावा लागला. आपल्याकडे सीसीटीव्हीची पाटी दारावर असते. 'या दुकानात सुगंध सोडला जातो' अशीही एक पाटी तिच्याशेजारी लावायला काय हरकत आहे?