लिंक तुटतात, मग फाइल विकीतच का जोडू नये? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गूगल ड्राइव्ह आणि कॉन्फ्लुअन्स (कंपनीची माहिती पानांवर लिहून ठेवण्याचं विकी) जोडण्याविषयीच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘आमचं ऑफिस वागळे इस्टेटला, कारखाना रबाळ्याला. विकीतल्या निम्म्या लिंकवर रिक्वेस्ट ॲक्सेस येतं, उरलेल्यांत जुनं ड्रॉइंग उघडतं. त्यापेक्षा फाइल थेट पानाला जोडावी. लेखक उगाच गुंता वाढवतात.’ तक्रार अगदी रास्त आहे. उपाय मात्र पटत नाही, कारण या दोन्ही दुखण्यांचं मूळ लिंकमध्ये नाही.

आधी रिक्वेस्ट ॲक्सेस, म्हणजे फाइल न उघडता ‘परवानगी मागा’ असा येणारा संदेश. विकीचं पान ज्याला दिसतं त्याला त्यातली फाइल दिसेलच असं नाही. लिंक पेस्ट केली की कॉन्फ्लुअन्स तिचं कार्ड (फाइलचं नाव दाखवणारी चौकट) बनवतं, पण फाइल कुणासाठी उघडायची हे ड्राइव्ह ठरवतं. पान लिहिणाऱ्याकडे सगळ्या परवानग्या असतात, त्यामुळे त्याला सगळं उघडलेलंच दिसतं आणि दोष कळतो तो थेट कारखान्यातल्या माणसाला. म्हणून पान प्रसिद्ध केल्यावर ते विभागातल्या सर्वांत कमी अधिकार असलेल्या खात्यातून एकदा उघडून बघाच.

यावर ‘एनीवन विथ द लिंक’ हा इलाज करू नका. ती लिंक व्हॉट्सॲपवर पुढे गेली की ग्राहकाचं ड्रॉइंग कुणाच्याही हाती लागतं. प्रत्येक विभागाचा एक गूगल ग्रुप करा आणि व्यक्तींऐवजी त्या ग्रुपला शेअर्ड ड्राइव्हचं (व्यक्तीच्या नव्हे, कंपनीच्या मालकीच्या सामायिक ड्राइव्हचं) सदस्य करा. रोज फाइली हाताळणाऱ्यांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ पुरेसं आहे: फाइल टाकता येते, बदलता येते, काढून टाकता येत नाही. वाचणाऱ्यांना ‘व्ह्यूअर’, ‘मॅनेजर’ फक्त दोघं. कॉन्फ्लुअन्समध्ये त्याच नावाचा ग्रुप करून स्पेसची (विकीतल्या पानांच्या गटाची) परवानगी त्याला द्या. मुद्दाम जोडणी केलेली नसेल तर या दोन याद्या आपोआप जुळत नाहीत. त्यामुळे नव्या माणसाच्या रुजू होण्याच्या कागदावर दोन्ही नोंदी हव्यात, आणि सोडून जाणाऱ्याच्याही.

कारखान्यात आणखी एक गोष्ट नेहमी घडते. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं जीमेल आधी लॉगिन असतं, लिंक त्याच खात्यातून उघडते आणि परवानगी असूनही नकार येतो. कंपनीच्या खात्यासाठी संगणकावर क्रोमचं वेगळं प्रोफाइल आणि अँड्रॉइड मोबाइलवर वर्क प्रोफाइल, एवढ्याने हे थांबतं.

आता जुनं ड्रॉइंग. ड्राइव्हमध्ये फाइलचं नाव बदला, फोल्डर बदला, लिंक तीच राहते, कारण ती फाइलच्या आयडीवर चालते. आयडी बदलतो तो ‘मेक अ कॉपी’ केल्यावर, किंवा सुधारित पीडीएफ वेगळी फाइल म्हणून चढवल्यावर. मग फोल्डरमध्ये ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ शेजारी नांदतात आणि विकी इमानेइतबारे पहिलीच दाखवत राहतं. त्यासाठी जुन्या फाइलवरच ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवायची. आयडी तोच, त्यामुळे विकीतली प्रत्येक लिंक त्या क्षणी नवं ड्रॉइंग दाखवते. इथे एक सावधगिरी: पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या 30 दिवसांनी किंवा 100 आवृत्त्यांनंतर पुसल्या जाऊ शकतात. ग्राहकाने मंजूर केलेल्या आवृत्तीवर ‘कीप फॉरएव्हर’ लावायलाच हवं.

फाइली एखाद्याच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये असणं हा तिसरा धोका, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. तो माणूस नोकरी सोडतो, मालकी दुसऱ्याकडे न देता खातं डिलीट होतं, फाइलीही जातात. डिलीट झालेलं खातं ॲडमिनला 20 दिवसांपर्यंतच परत आणता येतं. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी व्यक्तीकडे नसते, म्हणून आधी तिकडे हलवा. हलवा म्हणजे ‘मूव्ह’, कॉपी नव्हे. जुन्या फोल्डरमुळे मिळालेल्या परवानग्या हलवताना गळतात, तेव्हा ग्रुप आधी जोडून ठेवा.

आता तुमच्या उपायाबद्दल. पानाला जोडलेली फाइल ही प्रत असते. रबाळ्याचा माणूस ती उतरवून घेतो, बदल करतो, पण मूळ फाइल ड्राइव्हमध्ये तशीच राहते. कुठली खरी हे पुढच्या ऑडिटमध्ये कुणालाच सांगता येत नाही. पण जी फाइल पुन्हा बदलणारच नाही, म्हणजे सही झालेला तपासणी अहवाल किंवा त्या दिवशी लागू असलेली कार्यपद्धती, ती नाव आणि तारखेसह पानाला जरूर जोडा. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

नुसती लिंक टाकून पान सोडू नका, हेही इथेच सांगतो. साध्या लिंकमागच्या फाइलमधला मजकूर विकीच्या शोधात येत नाही. लिंकखाली तीन ओळी लिहा: भागाचा क्रमांक, सध्याची रिव्हिजन, बदल कशासाठी झाला. कारखान्यात ज्या नावाने तो भाग ओळखतात तेही लिहा, कारण शोधणारा तेच टाइप करणार.